दोन श्रेयांकांचे पाणी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले, त्या दिवशी माझ्या टेबलावर दुसराच एक कागद पडून होता. तो होता विद्यापीठाचा छापील नमुना. अभ्यासक्रमाचे शीर्षक, श्रेयांक, तासिका, उद्दिष्टे, घटक, मूल्यमापन, संदर्भग्रंथ असे त्यात रकाने होते. दोन वर्षांपूर्वी मी सुचविलेला आणि पुढे मंजूर झालेला एक अभ्यासक्रम आता सुधारून पुन्हा सादर करावयाचा होता. दोन्ही कागद बरेच दिवस शेजारी शेजारी राहिले. शाळेविषयी लिहू लागलो की अभ्यासक्रम आठवे आणि अभ्यासक्रमाचा रकाना भरू लागलो की शाळा आठवे. अखेर दोन्हींविषयी एकत्रच लिहावे असे ठरविले.

महाविद्यालय सोडून ज्यांना बरीच वर्षे झाली त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी जो निर्णय काढला, त्यानुसार पदवीच्या विद्यार्थ्याला आपल्या मुख्य विषयाखेरीज काही विषय दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यावे लागतात. त्याला ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे खुला ऐच्छिक विषय, म्हणतात. वाणिज्य शाखेच्या मुलाने विज्ञानातले काही शिकावे, विज्ञानाच्या मुलीने इतिहासातले काही शिकावे, असा त्यामागील विचार. दोन श्रेयांकांचा विषय असेल तर तीस तासिका आणि पन्नास गुण. असे अनेक विषय एका टोपलीत ठेवायचे आणि विद्यार्थ्याने त्यातून उचलायचे. प्रशासनाच्या भाषेत तिला बास्केट असेच नाव आहे.

कल्पना नवी नाही. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संगाने लिहून ठेवले आहे की येथे सात वर्षांपुढील मुलांना पाच विद्या शिकवितात: शब्दविद्या, शिल्पस्थानविद्या, चिकित्साविद्या, हेतुविद्या आणि अध्यात्मविद्या. व्याकरणापासून वैद्यकापर्यंत आणि कारागिरीपासून तर्कशास्त्रापर्यंत सारे एकाच मुलाला. पुढे त्याला जे व्हावयाचे ते तो होवो. आधुनिक काळात अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने सर्व विद्यार्थ्यांसाठी समकालीन संस्कृतीचा एक सामाईक अभ्यासक्रम १९१९ साली सुरू केला. बाबासाहेब तेथे १९१३ ते १९१६ या काळात शिकले, म्हणजे तो त्यांच्या वाट्याला आला नाही. मात्र त्यांनी स्वतःच अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा सर्व दालनांत जाऊन बसून आपली टोपली आपणच भरली होती. स्वतंत्र भारतात डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये सर्वसाधारण शिक्षणाची शिफारस केली. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली, हे सांगावयास नको.

परंतु हा उदात्त इतिहास एकीकडे आणि २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयात घडत होते ते दुसरीकडे. प्रत्येक विभागाला आपला कार्यभार वाचवावयाचा होता. तासिका कमी झाल्या तर पद जाते, ही साधी भीती. त्यामुळे ज्याला जे सुचेल तो त्याचा विषय टोपलीत टाकीत होता. सौंदर्यप्रसाधनांचे रसायन, स्वयंपाकघरातील रसायन, दैनंदिन जीवनातील रसायन अशी तीन नावे आमच्या रसायनशास्त्र विभागानेही काढली होती. विभागप्रमुख मला म्हणाले, “सर, एक तुम्ही द्या. सोपा द्या, म्हणजे मुले येतील.” मी घरी आलो आणि त्या रात्री नमुन्यावर पहिला शब्द लिहिला: पाणी.

तो शब्द मला कोठून सुचला हे त्या वेळी मी स्वतःला विचारले नाही. आपल्या वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही ते विचारावे लागणार नाही.

भोजनगृहाच्या दाराशी उजव्या हाताला जमिनीत अर्धे पुरलेले तीन रांजण होते. त्यांवर लाकडी झाकणे आणि त्या झाकणांवर एकेक लांब दांड्याचे ओगराळे. मी पाचवीत दाखल झालो तेव्हा मला आधी शाळा दाखविण्यात आली नाही, आधी रांजण दाखविण्यात आले. पाण्याची पाळी सर्वांना असे. सहा मुलांची तुकडी, पहाटेच्या वंदनेनंतर हौदावरून बादल्या आणावयाच्या, पांढऱ्या कापडातून पाणी गाळून रांजण भरावयाचे. कापड धुऊन पुन्हा दोरीवर वाळत घालणे हेही पाळीतच येई. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र असते, हे भन्तेजींनी आम्हाला त्या दोरीखाली उभे करून सांगितले होते. वस्त्र, भिक्षापात्र, वस्तरा, सुई यांच्याबरोबरीने गाळणे. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ठरविले की घरदार सोडलेल्या माणसाजवळही ही एक वस्तू असलीच पाहिजे, याचे मला त्या वयात फार नवल वाटले होते.

त्या ओगराळ्याविषयी मात्र कोणी काही सांगितले नाही. ते सांगावयाचे नव्हतेच. शाळेत आपल्या समाजाची मुले अधिक, पण पारधी, गोंड, कोलाम, धनगर, कुणबी अशीही मुले होती. एकच ओगराळे सर्वांच्या हातून फिरे. भन्तेजीही त्यानेच पाणी घेत. पहिल्याच आठवड्यात मी पाण्यापाशी गेलो आणि सवयीने दोन्ही हातांची ओंजळ करून वाकून उभा राहिलो. मागून वरच्या वर्गातला एक मुलगा आला, त्याने माझ्या हाती ओगराळे दिले आणि म्हणाला, “घे की. कोणाची वाट पाहतोस?” तो आज कोठे आहे हे मला ठाऊक नाही. हा लेख त्याच्या वाचनात आला तर त्याला तो प्रसंग आठवणार नाही याची मला खात्री आहे. त्याने तर फक्त रांगेतला एक अडथळा दूर केला होता.

तर मी पाणी या विषयावर प्रस्ताव लिहावयास बसलो. रसायनशास्त्राच्या माणसाला हा विषय अवघड नाही. पहिला घटक, पाण्याचे गुणधर्म. दुसरा, पाण्याची गुणवत्ता आणि तिची तपासणी. तिसरा, पाणीपुरवठा आणि शुद्धीकरण. चौथा, पाण्याचे व्यवस्थापन. भारतीय मानक १०५०० मधील मर्यादा मला तोंडपाठ होत्या: एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे, कठीणपणा २०० आणि ६००, फ्लोराइड १ आणि १.५; नायट्रेट मात्र ४५, तेथे सवलत नाही. अभ्यासक्रमाच्या निष्पत्ती लिहिताना ठरावीक क्रियापदे वापरावी लागतात. विद्यार्थी ‘ओळखतील’, ‘स्पष्ट करतील’, ‘विश्लेषण करतील’. विद्यार्थ्याला ‘वाटेल’, ‘उमगेल’, ‘लाज वाटेल’ असे लिहिता येत नाही, कारण ते मोजता येत नाही. तीन रात्रींत माझा मसुदा तयार झाला. नीटनेटका होता. त्यात कोणाला आक्षेप घेण्यासारखे काहीही नव्हते.

त्यात चवदार तळेही नव्हते.

हे विसरून झाले नव्हते, हे मला येथे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या घटकात ‘सार्वजनिक पाणवठे’ असे एक पोटशीर्षक मी लिहिले होते. त्यापुढे महाड असा शब्द लिहिला आणि खोडला. वीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो. तुम्ही संयुजा, द्रावणे आणि समतोल यांविषयी बोलत असता तोवर तुम्ही रसायनशास्त्राचे प्राध्यापक असता. महाड हा शब्द उच्चारला की तुम्ही ‘त्यांचे’ प्राध्यापक होता. कोणी उघड काही म्हणत नाही. कोणीतरी चहाचा कप उचलून दुसऱ्याकडे किंचित पाहतो, एवढेच. त्या पाहण्याला मी भीत होतो. आपल्या शाळेने मला निर्भय केले, असे मी अनेक समारंभांत सांगितले आहे. ते पूर्णपणे खरे नाही.

त्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले. आई ओट्यावर बसली होती आणि मी तिच्याशेजारी कागद चाळीत होतो. काय लिहितो आहेस, असे तिने विचारले. पाण्यावर पुस्तक आहे, कॉलेजच्या पोरांना शिकवायचे, असे मी तिला समजेल अशा भाषेत सांगितले. ती जराशी हसली आणि विहिरीविषयी बोलू लागली. ती गोष्ट मी लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती. पाटलाच्या विहिरीवर घागर खाली ठेवून दूर उभे राहावयाचे. कोणाला दया आली तर ती वरून ओतणार. उन्हाळ्यात दोन-दोन तास उभे राहावे लागे आणि एकदा तिची थोरली बहीण तेथेच भोवळ येऊन पडली, तेव्हा तिच्या तोंडावर पाणी मारावयास कोणी पुढे झाले नाही, कारण पाणी मारण्यासाठी जवळ यावे लागते. हा शेवटचा तुकडा मी त्या दिवशी प्रथमच ऐकला. मी काही बोललो नाही. आईने विचारले, “थे हिरीचं लिवलं का?” मी नाही म्हणालो. ती म्हणाली, “मंग तुह्या पुस्तकात पानी कुठून येईन, बाबू?”

परत आल्यावर मी मसुदा फाडला नाही. तसे नाट्यमय काही घडले नाही. त्याच मसुद्यात तिसरा घटक नव्याने लिहिला. रसायनशास्त्राची भाषा सोडायची नाही, हे मात्र मी ठरविले. पाणी शुद्ध आहे की अशुद्ध हे ठरविण्याच्या या देशात दोन पद्धती चालत आल्या आहेत. एकीत पाण्याचा नमुना तपासतात. दुसरीत घागर कोणाच्या हातात आहे ते पाहतात. पहिली पद्धत आम्ही तीस वर्षे शिकवीत आहोत. दुसरी तपासून पाहण्याचे काम विज्ञानाच्या वर्गात कधी झालेच नाही, कारण तो इतिहासाचा विषय मानला गेला; आणि इतिहासाच्या वर्गात प्रयोगशाळा नसते.

घटकाची मांडणी मी अशी केली. प्रारंभ कान्हेरीपासून. तेथील शंभराहून अधिक लेण्यांपैकी अनेकांच्या बाजूला खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. पावसाळ्यात डोंगरावरून वाहणारे पाणी खोदीव पन्हाळींतून त्यांत उतरते. त्यांवरील ब्राह्मी लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे आणि ती कोणी दिली तेही कोरले आहे. दात्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत. पाण्याची सोय करणे हे दान होते आणि ते दगडावर नोंदण्याइतके मोठे होते. मग १८६८, जोतीरावांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. मग ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने केलेला ठराव. आणि कागदावरचा तो हक्क २० मार्च १९२७ रोजी प्रत्यक्ष ओंजळीत घेणारे हजारो लोक. त्यानंतर न्यायालयातील दहा वर्षे. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा प्रश्न असा होता की वहिवाट खरोखर अनादिकालापासूनची आहे काय. आणि फिर्यादींना ते सिद्ध करता आले नाही. शेवटी संविधानाचे कलम १५, ज्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांचा नामनिर्देश आहे. जगाच्या किती संविधानांत विहीर हा शब्द मूलभूत हक्कांच्या प्रकरणात येत असेल, असे मी वर्गात नेहमी विचारतो.

चौथ्या घटकात बाबासाहेब दुसऱ्या रूपात येतात. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे सदस्य होते. दामोदर, महानदी या नद्यांच्या खोऱ्यांचा बहुउद्देशी विकास आणि १९४५ साली स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग, ज्याचा वारस म्हणजे आजचा केंद्रीय जल आयोग, ही त्यांच्या त्या काळातील कामे. महाडच्या तळ्याकाठी उभा असलेला माणूस अठरा वर्षांनी देशाच्या नद्यांचा विचार करीत होता, हे अभियांत्रिकीच्या मुलांनाही ठाऊक नसते.

त्याच घटकात पाणीवाटपाच्या तंट्यांसाठी मी रोहिणी नदी घातली. ती का, हे आपल्या शाळेच्या मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही. सातवीत असताना भन्तेजींनी शाक्य आणि कोलिय यांचा तो तंटा सांगितला होता आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे हाच तंटा ठेवला आहे, हेही. मग त्यांनी विचारले, पाणी कोणाला मिळावयास हवे होते? आम्ही सारे एका आवाजात ओरडलो, शाक्यांना! भन्तेजी म्हणाले, “आता कोलियांच्या शेतात जाऊन उभे राहा आणि मग सांगा.” त्या दिवशी अर्ध्या वर्गाला त्यांनी खरोखरच मैदानाच्या पलीकडे नेऊन उभे केले. १९६९ साली नेमलेल्या कृष्णा पाणीवाटप लवादाविषयी शिकविताना मी आजही वर्गाचे दोन भाग करतो. एक भाग खिडकीकडे, एक भाग दाराकडे. ही युक्ती माझी नाही, एवढे येथे नोंदविले पाहिजे.

अभ्यास मंडळापुढे प्रस्ताव गेला तेव्हा मला बोलावण्यात आले. टेबलाभोवती दहा-अकरा माणसे होती. पहिला आक्षेप असा की पर्यावरण शिक्षण हा विषय सक्तीचा आहेच, मग पुन्हा पाणी कशाला. त्याला उत्तर देणे सोपे होते. दुसरा आक्षेप तिसऱ्या घटकावर आला. एक सदस्य म्हणाले, “हा भाग चांगलाच आहे, पण तो इतिहासाचा. रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात त्याचे प्रयोजन काय?” दुसऱ्या एका सदस्यांनी अधिक सौम्यपणे सुचविले की तेवढा भाग वगळला तर आजच्या आजच मंजुरी देता येईल. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्यांना खरोखरच मला मदत करावयाची होती, आणि तेच अवघड होते.

मी काय बोलावयाचे ते घरी लिहून नेले होते. ते मी वाचले नाही. मी एवढेच विचारले की मंडळातील रसायनशास्त्राच्या जाणकारांनी मला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. महाडला लोकांनी तळ्याचे पाणी प्याल्यानंतर तळे बाटले असे ठरले आणि त्याच्या शुद्धीसाठी दूध, दही, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी त्यात ओतण्यात आल्या. एका घागरीत पंधरा लिटर धरले तर ते १,६२० लिटर होते. पाण्याच्या गुणवत्तेवर याचा परिणाम काय होईल? टेबलाभोवती कोणी बोलेना. उत्तर तर पदवीच्या पहिल्या वर्षातले आहे. सेंद्रिय द्रव्य वाढते, ते कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च होतो, नायट्रोजनयुक्त संयुगे वाढतात, जिवाणू वाढतात. तळे मोठे असेल तर फरक थोडा पडेल, लहान असेल तर अधिक; तो गणिताचा भाग. परंतु दिशा एकच. मी म्हणालो, “ज्याला शुद्धी म्हटले गेले ती क्रिया मोजून पाहिली तर प्रदूषण ठरते. हे गणित रसायनशास्त्राच्या वर्गात करावयाचे नाही तर कोठे करावयाचे?”

माझा आवाज कापत होता. मी अधिक शांतपणे बोलावयास हवे होते असे मला आजही वाटते. परंतु त्या वेळी मला आईची बहीण दिसत होती.

कोपऱ्यात बसलेल्या एका ज्येष्ठ सदस्या, दुसऱ्या विद्याशाखेच्या, इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “इतिहासाचे तास मी येऊन घेईन. कार्यभारात धरले नाहीत तरी चालेल.” यावर सर्वजण हसले, कारण कार्यभाराविना तास घेणारे माणूस त्या उन्हाळ्यात दुर्मीळ होते. प्रस्ताव मंजूर झाला. तडजोडी झाल्याच. तिसऱ्या घटकाच्या आठ तासिका सहावर आल्या. कान्हेरीची सहल खर्चाच्या कारणाने वगळली गेली. शीर्षकातील ‘हक्क’ हा शब्द जाऊन ‘समाज’ आला: ‘पाणी: विज्ञान, इतिहास आणि समाज’. त्या शब्दासाठी मी भांडलो नाही. भांडावयास हवे होते की नाही, यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही. पुढे विद्या परिषदेत तो इतर अनेक अभ्यासक्रमांबरोबर एका ओळीत संमत झाला.

पहिल्या वर्षी वर्गात बहुतेक वाणिज्य शाखेची मुले आली. विषय सोपा आहे अशी अफवा कोणीतरी पसरविली होती; ती मी खोडून काढली नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी सांगितले की प्रत्येकाने आपल्या गावाहून एक लिटर पाणी आणावे. बाटली तीन वेळा त्याच पाण्याने विसळावयाची, बोअर असेल तर पाच मिनिटे चालू ठेवून मग भरावयाची, लेबलावर स्थळ, स्रोत, दिनांक, वेळ आणि नमुना घेणाऱ्याचे नाव. आयुष्यात प्रयोगशाळेची पायरी न चढलेली मुले ब्युरेट हाती धरून उभी राहिली. कठीणपणा मोजताना शंकुपात्रातील लालसर रंग एका थेंबाने निळा होतो, तेव्हा हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या एका मुलाने जी शिट्टी वाजविली ती मी ऐकून न ऐकल्यासारखी केली.

एक मुलगी हसताना नेहमी तोंडावर हात धरीत असे. ती आमच्याच जिल्ह्यातली. तिच्या दातांवर तपकिरी डाग होते. तिच्या वाडीच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या पुष्कळ वर निघाले. तिने तीनदा तपासून पाहिले. मग तिने मला विचारले, “सर, म्हणजे हे डाग न घासल्यामुळे नाहीत?” तिला लहानपणापासून घरी आणि शाळेत तसेच सांगण्यात आले होते. मी नाही म्हणालो. त्यानंतर तिने आणखी एक प्रश्न विचारला, तो माझ्या कोणत्याच घटकात नव्हता. गावाची नळयोजना नदीवरून येते, तिचे पाणी गोडे आहे. पण तिची जलवाहिनी त्यांच्या वाडीच्या अलीकडेच संपते, ती का? तिने ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. सोबत तपासणीचा तक्ता जोडला. अर्जाची पोच मिळाली आहे. जलवाहिनी अजून पुढे सरकलेली नाही.

आता सुधारित प्रस्तावाविषयी. तिसऱ्या घटकाच्या वगळलेल्या दोन तासिका मी परत मागितल्या आहेत. २०२७ च्या मार्चमध्ये महाडला शंभर वर्षे पूर्ण होतील, तेव्हा त्या मिळाव्यात असा प्रयत्न आहे. मंडळाने मात्र विचारले आहे की या दोन तासिकांसाठी अध्ययनसाहित्य कोणते. महाडची कागदपत्रे छापलेली आहेत. परंतु महाडनंतर आपापल्या गावच्या विहिरीवर, आडावर, हातपंपावर, नळावर काय घडत राहिले ते फारसे कोठे लिहिलेले नाही. ते आपल्या घरांत आहे, आया-आज्यांच्या तोंडी आहे, आणि माझ्या आईसारखी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

म्हणून आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी विनंती आहे. आपल्या गावच्या पाणवठ्याची एक आठवण लिहून पाठवावी. विहीर कोणाची होती, आपल्याला पाणी कोण देई, पहिल्यांदा स्वतः दोर केव्हा धरला, कोणी विरोध केला, कोणी साथ दिली. साथ देणाऱ्यांविषयी आवर्जून लिहावे. आईच्या बोलीतच लिहिले तर उत्तम, भाषा सुधारू नये. विहीर अजून असेल आणि तिला पाणी असेल, तर एक लिटर पाणी वर सांगितलेल्या पद्धतीने भरून, लेबल लावून सोबत द्यावे. शाळेच्या कार्यालयात ते स्वीकारले जाईल, अशी व्यवस्था मुख्याध्यापकांनी मान्य केली आहे.

पहिली बाटली मीच भरून ठेवली आहे, वसतिगृहाच्या हौदाच्या पाण्याची. रांजण आता नाहीत, स्टीलची टाकी आली आहे. हौद तोच आहे. कठीणपणा ३८० निघाला, म्हणजे इष्ट मर्यादेच्या वर आणि चालवून घेण्याच्या मर्यादेच्या आत. बाटली भरताना पाचवीतला एक मुलगा शेजारी उभा होता. लेबलावर नमुना घेणाऱ्याचे नाव लिहावयाचे होते. नळ त्यानेच सोडला होता, म्हणून त्याचे नाव लिहिले.